बाळाची शी कोणत्या रंगाची?

माझ्या औषधांच्या दुकानात मधुमेहाच्या गोळ्यांच्या खालचा एक खण एकाच गिऱ्हाइकाचा आहे. त्यात टॅक्रोलिमसच्या कॅप्सूल असतात, अर्ध्या मिलिग्रॅमच्या. गोव्यातल्या आमच्या डिचोलीत हे औषध रोज कोणी मागत नाही. त्यामुळे ते मुद्दाम मागवावं लागतं, आणि जुना साठा संपायच्या बऱ्याच आधी मागवावं लागतं. चतुर्थीला वितरकाचं गोदाम बंद, जोराच्या पावसात घाटात दरड, मध्येच एखादा संप, या सगळ्याचा अंदाज बांधून मी पुढचा डबा आणून ठेवते. ब्रँड बदलायचा नाही असं तिच्या डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून ‘हे नाही तर ते देऊ का’ हे आमच्या धंद्यातलं रोजचं वाक्य या खणापाशी चालत नाही.

ज्या मुलीसाठी हा खण आहे ती आता दुसरीत जाते. तिच्या पोटात तिच्या आईच्या यकृताचा तुकडा आहे. शरीराने तो नाकारू नये म्हणून हे टॅक्रोलिमस. घरच्यांनी लिहायला हरकत नाही म्हणून सांगितलं, फक्त नाव नको म्हणाले. तेव्हा इथे ती छोटी.

मी बी. फार्म. केलं तेव्हा टॅक्रोलिमस पुस्तकात दोन ओळींचं होतं आणि परीक्षेला आलंच नाही. छोटीच्या निमित्ताने मी मुलांच्या यकृताच्या आजारांवर हाताला लागेल ते वाचायला घेतलं. दुकान बंद करून, जेवणं आटोपून, फोनवर. मला वाटलं होतं, सगळं मोठ्या शस्त्रक्रियांबद्दल असेल. त्या आहेतच. पण मला जास्त चकित केलं ते या क्षेत्रातल्या संशोधकांच्या प्रश्नांनी. बाळाची शी कोणत्या रंगाची? दूध कशात तापवता? हे प्रश्न माझ्या सासूबाईंनी ओसरीवर बसून सहज विचारावेत असे आहेत. आणि माझं स्पष्ट मत आहे की यकृत बदलण्याइतकंच, कदाचित त्याहून जास्त, भलं या प्रश्नांनी केलंय.

छोटी जन्मली ती पूर्ण दिवसांची, वजन चांगलं, रडणं खणखणीत. तिसऱ्या दिवशी पिवळी पडली. त्यात विशेष काही नाही, पूर्ण दिवसांच्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक थोडीफार पिवळी पडतातच आणि बहुतेकांची कावीळ दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. जिथे बाळंतपण झालं तिथे सांगितलं, सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा. आई माहेरी होती, आजी रोज अंगणात घेऊन बसायची. दोन आठवडे झाले, तीन झाले. तिथेच पुन्हा दाखवलं, पुन्हा ऊन. दुपट्यावर लघवीचे पिवळे डाग पडायचे, तर आजीला वाटलं उष्णतेचे. शेजारच्या एका मावशींनी कावीळ उतरवणाऱ्या गावठी वैद्याचा पत्ता दिला. तो मात्र आईने बाजूला ठेवला, म्हणून तिचे आभार. शीचा रंग कोणता, हे तोपर्यंत कोणीही विचारलं नव्हतं.

तो विचारला आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी, अडीच महिन्यांच्या लशीच्या वेळी. आई म्हणाली, पांढुरकी होते, दुधावर आहे ना. नर्सबाईंनी लस बाजूला ठेवली, बाळाच्या पोटावर हात फिरवला आणि डॉक्टरांना हाक मारली. त्या दिवशीच बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय. तिथून काही दिवसांत थिवीहून मुंबईची गाडी.

आजाराचं नाव बिलिअरी अट्रेसिया. पित्त यकृतात तयार होतं आणि नळ्यांतून आतड्यात उतरतं. शीला पिवळा, हिरवट, तपकिरी रंग येतो तो त्याच्यामुळे. या आजारात जन्माच्या आसपास यकृताबाहेरच्या पित्तनळ्या सुजतात, त्यांवर वण धरतो आणि त्या बंद होतात. कुळागरातला पाट तुंबला की पाणी साचून पोफळीची मुळं कुजतात, तसं पित्त यकृतातच तुंबतं आणि यकृत आतून कडक होत जातं. शी फिकट होते, कधी खडूच्या रंगाची, कधी मातकट पांढरी. लघवी मात्र गडद. तान्ह्या बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असायला हवी. दुपट्यावर डाग पडतोय, हे स्वतःच एक लक्षण आहे. आणि फसवणारी गोष्ट अशी की बाळ पहिले काही आठवडे छान दिसतं. दूध पितं, हसतं, वजनही धरतं.

युरोपात साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक बाळ असं असतं, तैवानमध्ये पाच-सहा हजारांमागे एक. म्हणजे एखाद्या डॉक्टरच्या अख्ख्या आयुष्यात दोन-तीनच यायची. एवढ्या पिवळ्या बाळांतून नेमकं ते एक हुडकायचं कसं, हा खरा पेच.

१९५५ साली जपानमध्ये सेन्दाईच्या तोहोकू विद्यापीठात मोरिओ कासाई या सर्जननी या आजारावर पहिल्यांदा रस्ता काढला. वण धरलेल्या नळ्या यकृताच्या तोंडापाशी कापून काढायच्या आणि आतड्याचा एक भाग वर ओढून थेट तिथेच जोडायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वाटांनी पित्त झिरपलं तर झिरपलं. १९५९ मध्ये त्यांनी हे जपानीत छापलं, इंग्रजीत यायला १९६८ उजाडलं, आणि त्यानंतरही पाश्चात्त्य सर्जनांपैकी बऱ्याच जणांचा विश्वास बसेना. आज जगभर ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचं सगळं गणित वेळेवर आहे. बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत केली तर पित्त वाहायला लागण्याची शक्यता बरी, पुढे ती घटत जाते. यशस्वी झाली तरी यांतल्या बऱ्याच मुलांना पुढे कधीतरी यकृत बदलावं लागतंच. पण मधली वर्षं मिळतात. मूल वाढतं, त्याच्या रक्तवाहिन्या जाड होतात, घरचे सावरतात.

छोटीची कासाई झाली तेव्हा ती तीन महिन्यांची होत आली होती. पित्त उतरलं नाही.

हा आजार का होतो, याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. पण वाचताना मला मेंढ्या भेटल्या. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये एका धरणाजवळ दुष्काळाच्या वर्षांत कोकरं अशाच बंद पित्तनळ्या घेऊन जन्मायची. पाणी आटल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर एक रानटी तण उगवायचं, गाभण मेंढ्या ते खायच्या. संशोधकांनी त्या तणातून एक द्रव्य वेगळं काढलं, झेब्राफिश नावाच्या इटुकल्या माशांवर तपासलं आणि २०१५ मध्ये छापलं की याने पित्तनळ्या खराब होतात. बायका काही ते तण खात नाहीत, त्यामुळे माणसांचं कोडं तिथेच आहे. पण कोकरांच्या पोटावरून माणसाच्या बाळाकडे बघणारी ही माणसं मला फार आवडली.

आता तैवान. तिथे मेइ-ह्वेइ चांग नावाच्या बालयकृततज्ज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून देशभर प्रत्येक नवजात बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत एक रंगांचं कार्ड घातलं. त्यावर शीचे फोटो, फिकटपासून नीट रंगाच्यापर्यंत. दुपटं बदलताना आईने शी कार्डाशेजारी धरायची, जुळवायची, फिकट वाटली तर कळवायचं. जपानमध्ये याआधी असं कार्ड काही भागांत वापरून झालं होतं, तैवानने ते साऱ्या देशासाठी केलं. कार्ड आल्यावर ६० दिवसांच्या आत कासाई होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. सुई नाही, यंत्र नाही, एक छापील कागद.

याच चांगबाईंचं आणखी एक काम आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हेपटायटिस बीची लस सुरू केली. आईकडून बाळाला तो विषाणू जायचा आणि त्यातल्या काहींना कोवळ्या वयातच यकृताचा कर्करोग व्हायचा. चांग आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की लशीनंतर जन्मलेल्या मुलांमध्ये त्या कर्करोगाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. लशीने कर्करोग टळतो, याचा तो पहिला ठोस पुरावा मानतात. ‘एवढ्याशा बाळाला जन्मल्याजन्मल्या सुई कशाला’ असं विचारणाऱ्या आज्यांना मी हल्ली तैवानची गोष्ट सांगते. त्या तैवानला फारसा भाव देत नाहीत, पण सुई घेऊ देतात.

छोटीकडे परत येते. कासाईनंतरही कावीळ वाढत गेली, पोटात पाणी झालं, हातपाय काटकुळे झाले. पहिल्या वाढदिवसाच्या आत यकृत बदलायचं ठरलं. बाबांचा रक्तगट जुळत होता, पण तपासणीत त्यांच्या यकृतात चरबी निघाली आणि ते बाद झाले. ‘इतकी वर्षं चोरून भजी खाल्ली, ती अशी बाहेर पडली,’ असं ते आता हसत सांगतात. तेव्हा हसले नसणार. आईचं सगळं जुळलं.

मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं. छोट्या बाळासाठी त्याच्या डाव्या बाजूचा तुकडा पुरतो, पाव किलोच्या आसपास. देणाऱ्याचं उरलेलं यकृत काही आठवड्यांत, महिन्यांत वाढून भरून येतं, आणि बाळाला लावलेला तुकडा बाळाबरोबर वाढतो. हे मला माहीत होतं, पुस्तकात होतं. पण एक बाई काउंटरवर रुमाल काढून पैसे मोजत म्हणते, ‘ताई, माझं तिकडे किती वाढलं असेल हो आता?’ तेव्हा पुस्तक बाजूला पडतं.

यकृत बदलण्याची जगातली पहिली खटपटही अशाच एका बाळासाठी झाली होती. १९६३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांनी बिलिअरी अट्रेसिया असलेल्या तीन वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया केली. रक्तस्राव थांबला नाही, मुलगा टेबलावरच गेला. पुढचे रुग्णही गेले. स्टार्झल यांना काम थांबवावं लागलं. १९६७ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा दीडेक वर्षांची एक मुलगी वर्षाहून अधिक जगली. तेवढ्यालाही तेव्हा यश म्हणत होते. पुढे चित्र पालटलं ते औषधांमुळे, हे मी धंद्याच्या अभिमानाने लिहिते. शरीर परकं यकृत नाकारतं. त्याला आवरणारं सायक्लोस्पोरिन आलं ते नॉर्वेतल्या मातीतल्या बुरशीपासून. टॅक्रोलिमस जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूपासून १९८४ मध्ये निघालं, आणि १९८९ मध्ये स्टार्झल यांनीच पिट्सबर्गला ते रुग्णांना द्यायला सुरुवात केली. आज चांगल्या केंद्रांत यकृत बदललेल्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पहिलं वर्ष पार करतात.

जिवंत माणसाचा तुकडा काढून मुलाला लावायचा, हेही त्याच सुमाराचं. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये पहिला प्रयत्न झाला. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एका जपानी आईचा तुकडा तिच्या मुलाला लावला आणि तो तरला. लहान मुलांना लहान मापाचं यकृत मिळणं दुर्मीळ, रांगेत वाट बघताना मुलं जायची. या एका कल्पनेने ती रांग बरीच आखूड केली. भारतात लहान मुलावरचं पहिलं यशस्वी यकृतरोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं, तुकडा वडिलांचा होता, आजार हाच. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

गोवेकरांनी मिरवावी अशी एक गोष्ट मला कायद्यात सापडली. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे असा कायदा संसदेने करावा, अशी मागणी आधी राज्यांच्या विधिमंडळांनी करावी लागते. ती केली होती गोवा, हिमाचल आणि महाराष्ट्राने. सुरुवातीला तो लागू झाला तोही या तीन राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत. आमच्या इवल्याशा राज्याचं नाव त्यात पहिलं आहे. अर्थात, तिथेच वर्णानुक्रम लावला असणार हे मला कळतं. पण मिरवायला काय जातं?

मिरवून झाल्यावर हेही सांगितलं पाहिजे की छोटीला सगळं मुंबईत करावं लागलं. खोली भाड्याची, स्वयंपाक एका गॅसवर, बाबांची नोकरी बिनपगारी रजेवर, आणि खर्चाचा आकडा दोन अंकी लाखांत. सरकारी मदत, नातेवाईक, देवस्थान, आईच्या बांगड्या, सगळं त्यात गेलं. परत आल्यावरही तपासण्या सुटल्या नाहीत. टॅक्रोलिमसची पातळी बघायला रक्त सकाळच्या डोसच्या आधी द्यायचं असतं, म्हणजे रात्रीच्या डोसला बारा तास झालेले हवेत. मग तो नमुना बाहेर पाठवायचा आणि अहवालाची वाट बघायची. पातळी कमी पडली तर शरीर यकृत नाकारेल, जास्त झाली तर मूत्रपिंडं दुखावतील. सकाळी आठ, रात्री आठ. लग्न असो, प्रवास असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो.

या बाबतीत आमच्यासारख्यांना कामं असतात. खोकल्यावर कोणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर पातळी चढते, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल दिलं तरी चढते, क्षयाचं रिफाम्पिसिन ती खाली पाडतं. तापावर आयबुप्रोफेन नको, मूत्रपिंडावर दुहेरी भार. छोटीची आई डॉक्टरांना नेहमी आधी सांगतेच. तरी चिठ्ठी इथे आली की मी एकदा वाचते आणि शंका आली तर मुंबईला फोन लावायला सांगते. यात काही डॉक्टरांना राग येतो. येऊ दे.

आणि मग माटोळी. बाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की गोव्यात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं-पानं बांधतात: नारळ, सुपारीचे घड, चिबूड, आंबाडे, आणि हमखास तोरिंग, म्हणजे पपनस. विसर्जनानंतर माटोळी उतरवली की पोरं तोरिंगावर तुटून पडतात. ग्रेपफ्रूटच्या रसाने काही औषधांची रक्तातली पातळी वाढते हे कॅनडात अपघातानेच कळलं होतं, एका प्रयोगात दारूची चव लपवायला तो रस वापरला होता म्हणून. पपनस त्याच कुळातलं. मूत्रपिंड बदललेल्या एका जपानी रुग्णाची टॅक्रोलिमसची पातळी पपनस खाल्ल्यावर वाढल्याची नोंद २००३ मध्ये छापून आली. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेल्या यादीत ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असं होतं. डिचोलीत ग्रेपफ्रूट कुठे मिळायला? आईने यादी वाचून निर्धास्तपणे कपाटात ठेवली होती. चतुर्थीच्या आधी ती औषध न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, ‘बाय, माटोळीचं तोरिंग छोटीला नको हां.’ ती बघतच राहिली. त्या वर्षी तोरिंग चुलत भावांना वाटलं आणि छोटीला चिबूड मिळाला. ती अजून याबद्दल माझ्यावर डूख धरून आहे.

गुळवेलीचंही तसंच. करोनाच्या काळात घरोघरी काढा उकळत होता. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून एका हितचिंतकाने छोटीसाठी वेल मुळासकट आणून दिली. तिची प्रतिकारशक्ती आम्ही दिवसातून दोनदा औषध देऊन खाली ठेवतोय, ती वाढवायची कशाला? शिवाय २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. वेल गोठ्यामागे लावली आहे, चांगली फोफावलीय.

पण वनस्पतींचं राहू दे, मला भांड्यांबद्दल लिहायचंय. सासूबाईंच्या माळ्यावर एक पितळी चरवी आहे, पोटाला गोल, काठाला ठोके पडलेली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा दूध त्यातच असायचं. वर्षाकाठी कल्हईवाला यायचा, अंगणात भाता लावायचा. कल्हई उडाली आणि तो आला नाही, तर तसंच चालायचं. त्यांच्या आठवणीत वाड्यावरची काही पोरं ‘पोटात दगड होऊन’ गेली, वर्ष-दीड वर्षाची. ते नेमकं काय होतं, आता कोण सांगणार? पण मी पुण्याचं संशोधन वाचत होते आणि त्या शेजारी बसून हे सांगत होत्या, तेव्हा माझं वाचन थांबलं.

एके काळी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा. साधारण सहा महिने ते तीन वर्षं वय, पोट फुगतं, यकृत लाकडासारखं टणक हाताला लागतं, मग कावीळ, आणि काही महिन्यांत मूल जातं. जगाच्या पुस्तकांत त्याला आपल्या देशाचंच नाव होतं, इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस. अशा मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड सापडायचं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले शीला भावे, आनंद पंडित आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी ते कुठून येतं हे शोधायला घेतलं. आजारी मुलांच्या आया आणि निरोगी मुलांच्या आया, दोघींना तेच प्रश्न. वरचं दूध कधी सुरू केलं? गाईचं की म्हशीचं? तापवलं कशात? ठेवलं कशात? आजारी मुलांना वरचं दूध फार लवकर सुरू झालेलं आणि ते पितळी-तांब्याच्या भांड्यांतलं, असं समोर आलं. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ते मांडलं. पुढे भांड्यांतून दुधात तांबं किती उतरतं हेही मोजलं गेलं. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. पाण्यापुरतं असतं तर एवढं चढलं नसतं. त्यातून तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो, वरून दिवसाला चार-पाच वेळा ही भर.

त्या भांड्यांतलं दूध प्यायलेली सगळीच मुलं आजारी पडली नाहीत, त्यामुळे काही मुलांच्या रक्तातच दोष असावा, असा वाद पुढे बराच चालला. पण पुण्याच्या मंडळींनी वाद मिटायची वाट पाहिली नाही. एकीकडे तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामिन देऊन पाहिलं, लवकर दिलेली मुलं वाचली. दुसरीकडे आयांना सांगायला घेतलं: अंगावर पाजा, आणि वरचं द्यावंच लागलं तर स्टीलच्या भांड्यातलं. घराघरांत स्टील तसंही येतच होतं. काही वर्षांत आजार दिसेनासा झाला. आजच्या तरुण डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो. गंमत म्हणजे ऑस्ट्रियात टायरॉल भागात १९०० ते १९७४ दरम्यान १३८ बाळं अगदी अशाच आजाराने गेल्याचं १९९६ मध्ये छापून आलं. तिथेही गाईचं दूध तांब्याच्या भांड्यात शिजवायची रीत होती आणि भांडी बदलल्यावर आजार गेला. म्हणजे तो ‘इंडियन’ही नव्हता.

पुण्यातल्या या कामाबद्दल आपल्याकडे किती कमी बोललं जातं! यकृत बदललं की वर्तमानपत्रात फोटो येतो, डॉक्टरांच्या मध्ये फुगा धरलेलं बाळ. यावं, मलाही डोळ्यांत पाणी येतं. पण ज्या बाळांना काही झालंच नाही त्यांचा फोटो काढणार कोण? सध्या पितळी भांड्यांची पुन्हा टूम आलीय, म्हापशाच्या बाजारात चकचकीत चरव्या दिसतात. फुलं ठेवा, पाणी ठेवा, बाहेरून बघा. तान्ह्या बाळाचं दूध त्यात ठेवू नका एवढंच सांगते. सासूबाईंनी ती चरवी यंदा तुळशीपाशी ठेवायला काढलीय.

दुकानात मी एक सवय लावून घेतली आहे. कोणी तान्ह्या बाळासाठी काही घ्यायला आलं की मी दोन प्रश्न विचारते. परवा सत्तरी तालुक्याकडचा एक तरुण बाप आला, हेल्मेट काखेत.

‘मॅडम, ग्राइप वॉटर.’

‘बाळ किती दिवसांचं?’

‘महिना होईल.’

‘पिवळं दिसतं अजून?’

‘थोडं. आई म्हणते उन्हात धरा.’

‘शी कोणत्या रंगाची करतं?’

त्याने मागे वळून पाहिलं. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले आजोबा कान देऊन उभे होते. ‘ते बायको बघते,’ तो पुटपुटला. मी म्हटलं, लाव फोन. त्याने लावला, हळू आवाजात विचारलं, पलीकडून काहीतरी खरपूस उत्तर आलं असावं. दोन मिनिटांत फोटो आला. मोहरीसारखी पिवळी, छान. मी त्याला सांगितलं, हा रंग चांगला आहे. पण महिन्याचं बाळ अजून पिवळं आहे, तेव्हा फोटोवर जाऊ नकोस. उद्या सकाळी आरोग्य केंद्रात ने आणि रक्तात डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे पित्त तुंबलं की वाढणारं पिवळं द्रव्य, तपासायला सांग. दोन आठवड्यांनंतरच्या प्रत्येक काविळीत ते बघायचं असतं. चिठ्ठीवर लिहून दिलं.

‘आणि ग्राइप वॉटर?’

‘नको.’

तो चिठ्ठी घेऊन गेला. आजोबा पुढे सरकले, पाकीट काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, ‘माझ्या त्याच गोळ्या, महिन्याच्या. आणि मला काही विचारू नका.’